माझ्या नावाची सव्वा मूठ

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसायची. खानदेशातून सुरतेला येताना आमच्या माणसांनी शेत मागे ठेवलं, घरदार मागे ठेवलं, कानबाई मात्र बरोबर आणली. रविवारी तिची स्थापना, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन, आणि या दोन दिवसांचा जीव म्हणजे रोट. रोट म्हणजे तिच्या नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या. हे गहू असे पोत्यातून ओतून घेत नाहीत. घराण्यात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने एकेक सव्वा मूठ मोजून घ्यायची. कालपरवा जन्मलेलं, मान न धरणारं पोरगं असलं तरी त्याची सव्वा मूठ पडतेच. ते गहू धुऊन, वाळवून, चक्कीवाल्याकडून आधी चक्की स्वच्छ करून घेऊन दळून आणायचे. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडा द्यायचा नाही, टाकायचा तर नाहीच, आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे.

आमच्या घरी मूठ घ्यायचे ते मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळ्यांना सुरतेतल्या बमरोलीत त्यांनीच आणलं, कापडाच्या मागावर लावलं, खोल्या बघून दिल्या, त्यामुळे कानबाई त्यांच्या घरात बसायची आणि शब्दही त्यांचाच चालायचा. त्यांचा पंजा चांगला सुपाएवढा. एकेक नाव घेत ते परातीत गहू टाकत आणि आई, काकू आणि मी ते निवडत बसायचो. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, माझी मूठ कधी? सगळे हसले. मोठे बाबा म्हणाले, "आंडेरनी मूठ नही ऱ्हास. ती परका घरनी." आंडेर म्हणजे लेक. मी म्हटलं, मग मी निवडू कशाला? आईने मला असा चिमटा काढला की दंडावर दोन दिवस निळं होतं. गहू मात्र मी निवडले. त्या वयात बंड चिमट्यापर्यंतच टिकतं.

बमरोलीत तेव्हा दिवसरात्र मागांचा आवाज असायचा. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही, लाईट गेली आणि माग थांबले की मात्र सगळी गल्ली दचकून जागी व्हायची. वडिलांना, आम्ही आप्पा म्हणायचो, त्या आवाजाने कान कमी झाले होते. किती कमी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आई भाजी आणायला सांगायची ते त्यांना ऐकू यायचं नाही आणि शेजारच्या खोलीत कोणी चहाचं नाव काढलं की ते उठून बसायचे. आई आणि मी घरी कांड्या भरायचो, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. भरलेल्या कांड्यांची पोती कारखान्यात पोचवायला दादाने एक जुनी मोपेड आणली, आणि पोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

ही मोपेड आणि ही पोती नीट डोळ्यांसमोर आणा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक पोतं पायाशी आणि एक सीटवर. मग मी बसणार कुठे? मी उभी राहायची. दोन्ही पाय पायठेवणीवर, गुडघे किंचित वाकलेले, मांड्यांनी मागचं पोतं धरलेलं. पावसाळ्यात बमरोलीच्या गल्ल्यांत घोटाभर चिखल असायचा, वर कारखान्यांचं रंगीत पाणी. ब्रेक मारला की पोतं पुढे येऊन पाठीत बसायचं आणि कांड्या चिखलात. एक कांडी भिजली तरी कारखान्यातला मुकादम सगळ्या बमरोलीसमोर उद्धार करायचा. म्हणून मी ब्रेक मारायचंच सोडलं. गाडी घसरायला लागली की तिला घसरू द्यायची, अंग सैल ठेवायचं, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. पोत्यांनी शिकवलं.

दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, सुकदेवचं, पांडेसऱ्यात छोटं गॅरेज होतं. त्याला मातीच्या मैदानावरच्या मोटरसायकल शर्यतींचं वेड लागलं. त्याचा जोडीदार हितेश. त्याच्या वडिलांची लोचोची, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या सुरती खाण्याची, हातगाडी होती आणि त्याला स्वतःला खाण्यापेक्षा गाड्या पळवण्यात रस. दोघांनी भंगारातून तीन गाड्या उभ्या केल्या, मडगार्ड काढून टाकले, टायरांना खाचा पाडल्या आणि एका पत्र्यावर रंगाने लिहिलं, बमरोली रेसिंग टीम. तिसरा स्वार एकनाथ लग्न करून गावी गेला तो परतलाच नाही. जागा रिकामी पडली. एका संध्याकाळी हितेशने मला दोन पोत्यांसकट चिखलातून वळताना बघितलं आणि दादाला म्हणाला, "सुकदेव, तू बाहर कायको ढूंढता है? तेरे घरमें तो बैठेली है." मी बसलेली नव्हते, उभी होते, पण मुद्दा दादाच्या लक्षात आला. आप्पांनी हो म्हटलं की त्यांना प्रश्न ऐकूच आला नाही, हे आम्ही कोणी तपासलं नाही.

माझा नातू हल्ली मोबाईलवर परदेशातल्या गाड्यांच्या शर्यती बघतो. जिंकल्यावर ते लोक तीन पायऱ्यांवर उभे राहतात आणि एकमेकांवर बाटल्या उडवतात. त्याने मला विचारलं, आजी, तुमच्या वेळी असं होतं का? म्हटलं, बाळा, आमच्या वेळी केटररचं टेबल होतं आणि उडायचा तो चिखल. तरी त्या मोसमातल्या चारही शर्यतींची मला आजही फेरी न फेरी आठवते. आमच्याकडे चॅम्पियनशिप म्हणजे चार गावांत चार शर्यती, आणि प्रत्येक शर्यतीत टीमचे जे दोन स्वार पुढे येतील त्यांचे गुण धरायचे. पहिल्या तिन्ही शर्यतींत दादा आणि हितेशचे गुण धरले गेले, मी त्यांच्या मागे चौथी-पाचवी यायचे. माइकवरचा माणूस दर वेळी ओरडायचा, "अने आ आव्या सुकदेवभाईनी बेन!" मैदानावर टाळ्या पडायच्या. माझं नाव रंजना आहे, हे त्याला सांगायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्याने मान हलवली आणि पुढच्या वेळी पुन्हा सुकदेवभाईनी बेन.

शेवटची शर्यत कडोदऱ्याच्या मोकळ्या मैदानात होती. बडोद्याची टीम गुणांत पुढे होती. सारख्या रंगाचे कपडे, टेम्पोतून आणलेल्या चकचकीत गाड्या, पाणी द्यायलासुद्धा वेगळा माणूस. हिशोब सरळ होता. आमचे दोघे पहिला आणि दुसरा आले तरच कप बमरोलीचा. एक जरी बडोद्याचा मध्ये घुसला तर कप बडोद्याला. ठरल्या रविवारी मैदानात गुडघाभर पाणी साचलं, म्हणून शर्यत पुढच्या रविवारी ढकलली. आयोजक सुरती माणसं, त्यांना तो नुसता पुढचा रविवार. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या रविवारी कानबाई होती.

दादाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. नव्या जोडप्याने कानबाईच्या पूजेला बसायचं, हे कोणी ठरवावं लागत नाही. शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाबांच्या ओसरीवर सगळा गोतावळा जमला होता, कोसाडहून धाकटे काका, कडोदऱ्याहून चुलते. एक डोंगराएवढं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरायला काढलं होतं, चुलीवर आमटीचा कट उकळत होता. दादाने खाली मान घालून विचारलं, मी सकाळची पूजा करून दुपारी जाऊन येऊ का? मोठ्या बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कानबाई घरमा बठस त्या दिनले आपला रगतना मानूस उंबराना बाहेर जास नही. ज्यानी मूठ त्या परातमा पडनी, तो आठेच ऱ्हाई, आठेच खाई. समजनं का?"

दादा चांगला माणूस होता, पण मोठ्या बाबांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. आणि त्याच वेळी मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. ज्याची मूठ परातीत पडली, तो. मी गंगाफळाची फोड हातातून ठेवली आणि उठून उभी राहिले.

"मोठा बाबा, मनी मूठ कोठे शे?"

मोठे बाबा म्हणाले, "काय बोली ऱ्हायनी तू?"

"ज्यानी मूठ तो थांबी, तुम्हीच सांगं. दादानी मूठ शे, दादा थांबी. मनी मूठ कधी पडनीच नही. मी जासू."

कोणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. मोठ्या बाबांचा चेहरा तांबडा झाला. मुठीचा नियम त्यांनी स्वतः घालून दिला नव्हता, त्यांच्या बापाकडून आला होता, आणि त्या नियमाला दार आहे हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, आप्पांवर ओरडले. "सांग तुनी पोरले!" आप्पा भिंतीला टेकून तंबाखू मळत होते. त्यांनी हात कानाच्या मागे नेला. "काय म्हनतस, भाऊ? माले ऐकू नही उनं." मोठ्या बाबांनी तेच वाक्य गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हटलं. आप्पांनी पुन्हा हात कानामागे नेला. तिसऱ्या खेपेला मोठ्या बाबांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडायला घेतली. आप्पांच्या बहिरेपणावर मी आयुष्यात इतकं प्रेम कधी केलं नाही.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा दादा आंघोळ करून सोवळं नेसून बसला होता. ग्रीसला हात लावायची चोरी. त्याने खिडकीतून स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली आणि हळूच म्हणाला, "दुसरा गिअर बस. तिसरा टाकू नको, रुतशील." आई बाहेर आली नाही. पण हत्यारांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा होता. ती पिशवी रात्री मी स्वतः भरली होती आणि तेव्हा त्यात भाकरी नव्हती.

मैदान म्हणजे नुसता काला झाला होता. वरून कोरडं वाटे, चाक गेलं की खाली लोणी. एका वळणापुढे तर तीस-चाळीस पावलांचा असा पट्टा होता, की सरावात बडोद्याची एक गाडी तिथे अर्धी बुडाली आणि चार जणांनी ओढून काढली. हितेश घाबरला होता. आम्ही दोघंच, चूक करायला तिसरा कोणी नाही. मी त्याला म्हटलं, "तुम सिर्फ मेरे चाक के पीछे आना. बैठना नहीं, खडे रहना. ब्रेक को हात मत लगाना." तो म्हणाला, "रंजना, मैं गिर जाऊंगा." म्हटलं, गीर जाओ, लेकिन ब्रेक मत मारो. माझी हिंदी तेव्हाही अशीच होती.

झेंडा पडला आणि मी मागेच राहिले, कारण सुरुवातीला सगळ्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि मी पिळला नाही. पहिल्या वळणाला माझ्यापुढे सहा जण होते. मग तो पट्टा आला. बसलेले सगळे तिथे ब्रेक मारत होते, चाकं अडकत होती, गाड्या आडव्या होत होत्या. मी उभी राहिले. गाडी डावीकडे घसरली, घसरू दिली. उजवीकडे आली, येऊ दिली. मागे पोतं नव्हतं, तरी मांड्या आपोआप आवळल्या गेल्या. पट्ट्याच्या पलीकडे निघाले तेव्हा माझ्यापुढे एकच जण होता, आणि दुसऱ्या फेरीला तोही नव्हता. पुढच्या फेऱ्यांत मी गाडी एकटीनेच पळवली. समोर कोणाची पाठ नाही, अंगावर कोणाचा चिखल नाही. इतकं मोकळं मी आयुष्यात कधी श्वास घेतला नव्हता. आमच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं होतो, हेही सांगायला हवं.

पण मी एकटी पहिली येऊन काय उपयोग? मागे वळून बघितलं तर बडोद्याचा निळ्या हेल्मेटवाला दुसरा, हितेश त्याच्या मागे तिसरा, आणि बाकीचे सगळे एक फेरी मागे. हितेश प्रत्येक फेरीला त्या पट्ट्यात कच खात होता. शेवटून दुसऱ्या फेरीला मी सरळ रस्त्यावर गाडी हळू केली. लोक ओरडायला लागले, त्यांना वाटलं माझी गाडी बिघडली. माइकवाला म्हणाला, "सुकदेवभाईनी बेन थाकी गया!" निळा हेल्मेटवाला माझ्या बाजूने पुढे गेला. हितेश माझ्या बरोबरीला आला, आणि मी घसा फुटेल एवढ्याने ओरडले, "खडा रह!" शेवटच्या फेरीला पट्ट्यात आम्ही तिघं एकदमच शिरलो. निळा बसलेला, त्याने ब्रेक मारला आणि जागेवर फिरला. मी उभी, माझ्या चाकाने पाडलेल्या चरातून हितेश उभा. आम्ही बाहेर पडलो तेव्हा निळा अजून चिखलात पाय टेकवत होता. मी पहिली, हितेश दुसरा, आणि त्या निळ्याशिवाय मैदानातल्या प्रत्येकावर आमची एक फेरी चढलेली.

टेबलावर चढले तेव्हा माझं तोंड ओळखू येत नव्हतं. माइकवाल्याने सुरुवात केली, "पहेलो नंबर, सुकदेवभाईनी..." मी त्याच्या हातातून माइक घेतला. हिसकावला म्हणा, मला चालेल. "रंजना," मी म्हटलं. "रंजना. बमरोली." आवाज फाटला आणि माइक किंचाळला. एवढंच माझं भाषण. आज गुडघे उभं राहू देत नाहीत, पण त्या टेबलाची फळी माझ्या तळपायांना अजून आठवते.

कप गाडीच्या टाकीवर बांधून संध्याकाळी घरी आले. कानबाई मांडलेली, समयांचा उजेड, बायकांची गाणी, आणि रोटांचा तो खरपूस वास, ज्याने लहानपणापासून माझ्या पोटात खड्डा पडतो. दादा पूजेवरून उठू शकत नव्हता, त्याने फक्त कपाकडे बघितलं आणि रडायला लागला, आणि पाहुण्यांना वाटलं भक्तीने. मी नळावर आंघोळ करून आले, कानबाईला नमस्कार केला, पंगतीत बसले. आईने माझ्या पानात रोट, खीर, गंगाफळाची भाजी वाढली. मी रोट उचलून परत ताटलीत ठेवला.

मोठे बाबा समोरच बसले होते. "खाय."

"मनी मूठ नही त्यामा."

"दरसाल खास, मंग ते कसाले खास?"

"दरसाल भूक लागनी म्हनून खादं. आज भूक नही."

खोटं होतं. सकाळच्या भाकरीनंतर पोटात काही नव्हतं. पण मैदानात मी नाव मिळवलं होतं आणि घरात येऊन दुसऱ्याच्या मुठीतलं खायला मन धजेना. मी गंगाफळाची भाजी खाल्ली, खीर खाल्ली, रोट नाही. पौर्णिमेपर्यंत रोज रोट पानाशी यायचा आणि मी रोज परत करायची. वहिनी विनवायची, दादा चिडायचा, काकू म्हणायची पोरगी हातातून गेली. मोठे बाबा माझ्या वाट्याचा रोट उचलून स्वतः खायचे, कारण टाकता येत नव्हता. आई वाढत राहायची. मला वाटलं, ती त्यांच्या बाजूची आहे. मला तिचा सगळ्यांत जास्त राग आला होता.

पुढचा श्रावण आला. पुन्हा परात, पुन्हा मोठे बाबा, पुन्हा नावं. आप्पांची सव्वा मूठ, दादाची सव्वा मूठ, दादाला मुलगा झाला होता त्या तीन महिन्यांच्या जिवाची सव्वा मूठ. मी या वेळी निवडायला बसले नव्हते, दारात उभी होते. शेवटचं नाव झालं आणि मोठ्या बाबांनी हात झटकला. तेव्हा आई उठली. आयुष्यभर ज्यांच्यासमोर तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांच्यासमोर तिने पोत्यात हात घातला. तिची मूठ लहान होती, कांड्या भरून बोटं वाकडी झालेली. एक मूठ परातीत टाकली, ती तिला कमी वाटली, म्हणून दुसरी टाकली, आणि वर पाव. "रंजना," ती म्हणाली, कानबाईला सांगावं तशी.

मोठ्या बाबांनी परातीतल्या गव्हावरून हात फिरवला. आप्पांनी हात कानामागे नेला नाही, त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. मोठे बाबा म्हणाले, "पीठ वाढनं. आते येवढा रोट कोन खाई?"

आईने हात पदराला पुसले.

"जिनी मूठ शे, ती खाई."

मी दारातून आत आले आणि गहू निवडायला बसले.